सात कंद आणि गावभराचे तांबे

मंडळी, बसा. मागचे पुढे या, जागा आहे. ज्यांना टेकायला खांब हवा त्यांनी खांब घ्या. पण आज झोप लागणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

हार घातलात. बुक्का लावलात. मध्यंतराला आल्याचा चहा पाजलात. आता तुम्हाला वाटतंय, बुवा आख्यान लावतील, थोडं हसवतील, थोडं रडवतील, आणि आपण पाचच्या आत घरी. होय की नाही? माना काय डोलावता! अजून मी काही बोललोच नाही!

प्रश्न ऐका. एकच आहे.

ज्याचं भलं करायचं त्यालाच न विचारता भलं केलं, तर ते भलं कुणाचं झालं? त्याचं? की करणाऱ्याचं?

लगेच उत्तर नको. लगेच दिलेली उत्तरं मी पुष्कळ ऐकली. दिलीही पुष्कळ.

दत्तोबा, पेटीवर सूर धरा. आजचं ध्रुपद दोन शब्दांचं आहे. मी थांबलो की सगळ्यांनी म्हणायचं. म्हणा —

*विचारलं का?*

वा! टाळ्यांसकट! काय गोड म्हणता हो. शेवटपर्यंत असंच म्हणवतंय का, बघू.

॥

आख्यान. एका नगरीत एक उदार राजा होता —

नाही. थांबवा पेटी. राजा नको. राजाची गोष्ट लावली की तुम्ही निवांत होता. राजा चुकतो, राजा भोगतो, तुमच्या मांडीला मुंगीसुद्धा चावत नाही.

पुन्हा. एका गावात एक बाई होती —

हेही नको! 'एका गावात' म्हटलं की तुम्ही डोंगरापलीकडच्या गावाकडे बघायला लागता. हसता काय? बघत होता!

तिसऱ्यांदा सुरू करतो. या गावात. सोनघळीत. या महादेवाच्या देवळात. तुमच्या डाव्या हाताला दक्षिणेचं दार आहे. त्या दाराबाहेर, पायरीला लागून, चार हात लांब आणि दोन हात रुंद मातीचा तुकडा आहे — वळून बघू नका! वर्षभर बघितला नाहीत, आता कशाला? मी सांगतो त्यात काय आहे.

आणि त्यात काय होतं, तेही सांगतो.

॥

मथुराबाई दुधाणे. ओळखता ना? वरच्या आळीच्या. त्यांचे यजमान गजाबा, तीस वर्षं ट्रक चालवला. सफरचंदाच्या हंगामात हिमाचलला जायचे, पेट्या भरायच्या, पुण्याला उतरवायच्या. गजाबा चार शब्द कमीच बोलतात. ट्रकमध्ये एकट्याने तीस वर्षं काढली की माणूस हॉर्नवर भागवतो.

चार वर्षांपूर्वी त्यांचा शेवटचा फेरा होता, हंगामाबाहेरचा, वैशाखात, शीतगृहातल्या पेट्यांचा. तिकडे एका घाटात गाडीचा पाटा तुटला. दोन दिवस मेकॅनिकची वाट बघत रस्त्याच्या कडेला. समोर एका म्हाताऱ्याचं घर. म्हाताऱ्याची दाढी छातीपर्यंत. आणि घरापुढच्या दगडी बांधावर एक झाड. झाड कसलं, वीतभर! पंखा उघडावा तशी पानं, आणि त्यात मुठीएवढं फूल. जांभळं. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर पिवळ्या केसांची पट्टी. दाढी हो! फुलाला दाढी! आयरिस म्हणतात त्याला. त्यातली ही सगळ्यात बुटकी जात.

गजाबांनी दोन दिवस ते फूल बघितलं. निघताना म्हाताऱ्याने सात कंद उपटून वर्तमानपत्रात बांधून दिले. म्हाताऱ्याला हिंदी येईना, त्याची पहाडी बोली यांना कळेना. मग म्हाताऱ्याने काय केलं? असा पालथा हात उन्हात धरला. त्यावर दुसऱ्या हाताने माती टाकली — आणि मान हलवली. नाही! मग ओंजळीतून पाणी ओतलं — पुन्हा मान हलवली. नाही!

झालं. दोन गोष्टी. पाठ झाकायची नाही, पाणी ओतायचं नाही. मुक्याने सांगितलं आणि एका ड्रायव्हरला कळलं. आणि आपण इथे सात दिवस लाऊडस्पीकर लावून सप्ताह करतो!

॥

कंद घरी आले. लावायचे कुठे? दुधाण्यांच्या घरावर दोन्ही बाजूंनी सिल्व्हर ओकची सावली. त्यांच्या अंगणात दिवसभरात परातीएवढं ऊन येतं, आणि तेही एका जागी बसत नाही. मथुराबाई सगळ्या वाडीत फिरल्या, ऊन शोधत. सापडलं ते या देवळाच्या दक्षिणेला. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आडकाठी नाही.

त्या पंचांकडे गेल्या. हात जोडले. म्हणाल्या, "देवाच्या जागेतलं एवढं ऊन वापरू का?"

थांबलोय. म्हणा!

*विचारलं का?*

विचारलं! या सगळ्या आख्यानात विचारणारं एक माणूस आहे, ते हे. पंच 'लावा' म्हणाले. मथुराबाईंनी जांभ्याचा चुरा वाहून आणला, मुरूम मिसळला, शेणखताचं टोपलं घेऊन कुणी आलं तर परत पाठवलं. वरंबा उंच केला. आणि त्यावर सात कंद बसवले. कसे? म्हैस डबक्यात बसते ना, तसे! पोट आत, पाठ वर. मुळं मातीत, आणि आल्याच्या गड्ड्यासारखी पाठ उघडी, उन्हात.

झालं, गावाला विषय मिळाला.

"मथुराकाकू, आलं लावलंय का?"

"काकू, झाका की वो, सुंठ होईल त्याची!"

त्या म्हणायच्या, "त्याला पाठीवर ऊन लागतं, बाबांनो. मला लागतं तसंच. तुम्हीबी व्हाल म्हातारं, मग कळंल."

एका आजींनी ओळीत सात दिसले म्हणून साती आसरा समजून हळदीकुंकू वाहिलं! हसा. पण त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी निदान माती टाकली नाही.

पहिल्या वर्षी पानं. दुसऱ्या वर्षी पानं. पावसाळ्यात मथुराबाई वर पत्रा टाकायच्या, बाजूने चर काढायच्या. आठवड्यातून एकदा वाटीभर पाणी, तेही कडेने, कंदाला न लावता. तुम्ही म्हणाल, एवढी कसली काळजी? हीच काळजी! हात न लावणं हीच! हात लावायला काय लागतं? हात आवरायला जन्म जातो.

॥

आता डोळे.

गजाबांना समोरची गाडी दिसायची, बाजूची दिसेना. एकदा वाईच्या बाजारात बैल अंगावर आला तेव्हा कळलं. काचबिंदू. कडेकडेने नजर खात येतो. ते म्हणायचे, "बांगडीतनं बघावं तसं दिसतं." आधी मोठ्या बाईची बांगडी. मग लहान मुलीची. डॉक्टर म्हणाले, राहिलंय ते टिकवू, पण किती दिवस ते विचारू नका.

तिसरं वर्ष. माघ महिना. म्हणजे गेल्या वर्षी, याच सप्ताहात. पठारावरची थंडी मुरली होती. मथुराबाईंनी सकाळी जाऊन पानांचे पंखे चाचपले आणि पळत घरी आल्या. पळत! गुडघे दुखतात म्हणणारी बाई!

"अवं, कळ्या! पाच कळ्या हायत!"

गजाबा खाटेवर उठून बसले. म्हणाले, "किती दिसात फुलंल?"

"पंधरा-वीस."

"मग तवर हाय नजर. डोंगर नको बघायला. पोरगी फोनवर बोलती, आवाज पुरं. तेवढा दाढीवाला एकदा बघू. बारकाच हाय, बांगडीत मावतो."

समजलं, काय पणाला लागलं होतं ते? पंधरा-वीस दिवस. बांगडीएवढी नजर. आणि त्यात मावणारं एक फूल. बाकी त्या माणसाने काही मागितलं नव्हतं. तुमच्याकडे तर नाहीच!

दुसऱ्याच दिवशी मिरजेची तारीख होती. शस्त्रक्रिया. आठ दिवस तिथेच राहायचं. कळ्या दिसल्या त्याच दिवशी सप्ताहाचा काला होता; सगळं गाव इथे जमलेलं असताना, मथुराबाई पायरीवर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या झाडांना कुणी काय करू नका हां! मी येतेच!"

ऐकलं होतं ना? हात वर करा, ज्यांनी ऐकलं होतं.

बघा. निम्मा मांडव!

॥

पहिली एसटी धरून ती दोघं गेली. त्याच सकाळी आठ वाजता शालनवहिनी अभिषेकाला आल्या. बसा वहिनी, पदर नका ओढू, तुमचंच सांगतोय. तांब्यात दूध-पाणी. अभिषेक झाला, तांब्यात थोडं उरलं. दारातून बाहेर पडताना दिसले ते सात कंद. उघडे. कोरडे. पाठीला भेगा. वहिनींना पाझर फुटला. ओतलं!

मागून दुसरी आली. तिने बघितलं, वहिनींनी ओतलं, मग आपण मागे का? ओतलं! तिसरीने घरून कळशी आणली. चौथ्याने शेणखत. दुसऱ्या दिवशी रांग! महादेवाच्या पिंडीवर जेवढं पडलं त्याहून जास्त त्या चार हात मातीत पडलं. आठ दिवस. कुणी चुकलं नाही. इकडे सोसायटीच्या सभेला गणसंख्या भरत नाही, पण इथे एक दिवस खाडा नाही!

म्हणा.

*विचारलं का?*

आवाज कमी झाला, मंडळी. टाळ्या कुठे गेल्या?

आणि चौथ्या दिवशी फावडं घेऊन आले आपले उद्धवराव गोळे. तीन एकर स्ट्रॉबेरी. उठा उद्धवराव. उठा, उठा! आख्यानात आलात, आता उभं राहायला काय झालं?

"बुवा, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच केलंत ना? मला सांगा, स्ट्रॉबेरीचं रोप लावताना बायांना काय बजावता?"

"बजावतो की... मुळं दाबा, डोकं वर ठेवा."

"डोकं मातीत गेलं तर?"

"कुजतं."

"किती दिवसांत?"

"आठ-धा दिवसांत. पाणी जास्त असलं तर चार."

"एखाद्या बाईने डोकं गाडलं तर काय करता?"

"...ओरडतो. रोप परत उकरून लावायला लावतो."

"मग त्या सात कंदांवर बोटभर माती कुणी चढवली?"

टोपी काय चुरगळता?

"उद्धवराव, तुम्हाला माहीत नव्हतं म्हणालात तर मी आत्ता तुमच्या पाया पडतो आणि दुसरी गोष्ट लावतो."

"माहीत होतं, बुवा. म्हणजे... रानात माहीत असतं. हे देवळातलं. इथं आपलं डोकं चालवायचं नसतं, असं वाटलं. सगळे करत होते. पुण्याचं काम..."

बसा.

ऐकलंत? रानात डोकं चालतं. तिथे एक रोप मेलं तर जीव तुटतो, कारण ते आपलं. देवळात आलो की अक्कल चपलांबरोबर बाहेर! कारण इथे रोप जगलं काय, मेलं काय, आपलं पुण्य जमा होतं! तुम्ही त्या कंदांना पाणी घालत नव्हता, मंडळी! तुम्ही स्वतःला घालत होता! कंद नुसता मधे आला!

दत्तोबा, पेटी नको. याला सूर नको.

॥

नवव्या दिवशी दुपारी एसटी आली. गजाबांच्या दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. मथुराबाईंनी त्यांना या पायरीवर बसवलं आणि वळून बघितलं.

चिखल. चिखलाला दुधाचा आंबूस वास. त्याखाली दुसरा वास. पानं पिवळी, आडवी.

देवळात पाच-सात जण होते. त्यांनी विचारलं, "कुणी केलं?"

आणि मंडळी, इथे मला सगळ्यात जास्त चीड येते. कुणी मान खाली घातली नाही. कुणी पळालं नाही. सगळे एकदम, हसत, आनंदाने म्हणाले — "आम्ही!"

शालनवहिनी तर पुढे आल्या. "काकू, तुमच्या झाडांची आठ दिवस सेवा केली. एक दिवस चुकू दिला नाही. काका बरे व्हावेत म्हणून नवस समजा!"

आता सांगा, त्या बाईने काय म्हणायचं होतं? चोराला शिवी देता येते. वैऱ्याला देता येते. हातात तांब्या घेऊन हसत उभ्या असलेल्या माणसाला कोणती शिवी द्यायची, ते आपल्या भाषेत आहे का?

त्या खाली बसल्या. बोटांनी चिखल बाजूला केला. पहिला कंद. बोट टेकवलं, आणि बोट आत गेलं. पिकून काळ्या झालेल्या केळ्यात जावं तसं. दुसरा. तिसरा. पाच कळ्या, पाचही देठापासून गळालेल्या.

मागून, पट्टी बांधलेले गजाबा पायरीवरून म्हणाले, "मथुरा, फुललं का गं?"

मथुराबाई म्हणाल्या, "न्हाय अजून. कळीच हाय."

॥

कळीच आहे! दुसऱ्या दिवशी, कळीच आहे. पट्टी निघाली, बांगडी आता बोटातल्या अंगठीएवढी झाली होती. म्हणाले, "चल, कळी तर कळी, बघू." त्या म्हणाल्या, "चढ हाय, डॉक्टरांनी चालू नका म्हणलंय." खोटं. आठ दिवस खोटं. नवऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदा. कुणी बोलायला लावलं हे खोटं? देवाला जोडलेल्या हातांनी!

नवव्या दिवशी गजाबा म्हणाले, "मथुरा, तुझ्या हाताला कुजक्याचा वास येतोय. डोळं गेलं, नाक न्हाय."

संपलं. त्यांनी पुन्हा त्या झाडाचं नाव काढलं नाही. श्रावणात अंगठी मिटली. आता काहीच दिसत नाही. उजेड आहे की नाही, एवढंच कळतं. आणि ऊन चेहऱ्याला लागलं की कळतं.

म्हणा. ध्रुपद म्हणा! का थांबलात? दोनच शब्द आहेत! सकाळी हरिपाठाला माईक पुरत नव्हता तुमच्या आवाजाला!

"बुवा!"

कोण? वहिनी? उभ्या राहिलात? बोला.

"बुवा, फार झालं. तास झाला ऐकतीया. आम्ही मनानं केलं व्हय ते? मागल्या साली याच जागेवर उभं राहून तुम्हीच सांगितलं! काल्याच्या कीर्तनात! 'उद्या घरातनं निघाल ना, तर वाटेत जे उघडं दिसेल ते झाका, जे कोरडं दिसेल त्याला पाणी घाला.' माझ्या पोरीच्या मोबाईलमध्ये हाय ते, लावू का? आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केलं! आता आम्हाला बोलता?"

लावू नका, वहिनी. मला पाठ आहे.

बसू नका. उभ्याच राहा. इतका वेळ मी हेच ऐकायला उभा आहे! सगळा गाव शिव्या खात बसला, कुणाला आठवलं नाही? की आठवलं आणि बुवांना उलट कसं बोलायचं म्हणून गिळलं? तिथेही तेच! रानात बोलता, घरात बोलता, देवळात तोंड शिवता!

हो. मीच म्हणालो. टाळ्या पडल्या होत्या. तुम्ही मला शाल दिलीत, नारळ दिलात. ती शाल अजून मी प्रवासात गुंडाळतो. छान वाक्य होतं! उघडं ते झाका, कोरडं ते भिजवा. गोल, गुळगुळीत, कुठेही ठेवलं तरी बसणारं. आणि इथून दहा पावलांवर सात कंद होते, ज्यांना उघडं राहायचं होतं! कोरडं राहायचं होतं! मी दक्षिणेच्या दारानेच आलो होतो. मथुराबाई तेव्हा मागच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ते वाक्य ऐकलं, आणि त्या उठल्या, आणि पायरीवर जाऊन म्हणाल्या, "कुणी काय करू नका हां." तुम्हाला सांगत नव्हत्या त्या. मला सांगत होत्या. मी हार काढण्यात गुंतलो होतो.

वहिनी, तुम्ही तांब्या ओतलात. मी तोंड उघडलं. तांब्याला निदान बूड असतं.

बसा आता. आणि तुमच्या पोरीला सांगा, ते पुसून टाक म्हणावं.

॥

आणखी एक सांगायचंय, मग सोडतो.

आज सकाळी पंचांच्या घरी आंघोळ झाली. तांब्या भरून घेतला, देवाला घालावा म्हणून आलो. दक्षिणेच्या दारात तो तुकडा दिसला. सहा खळगे आणि सातव्या जागी पानांचा एक एवढासा पंखा. त्याखाली कंदाची पाठ — करंगळीएवढी, उघडी, भेगाळलेली. मला या कशाचाच पत्ता नव्हता, मंडळी. वर्षभर मी दुसऱ्या गावांना शहाणं करत होतो. मी काय केलं असेल?

तांब्या कलता केला!

मनगट धरलं कुणीतरी. घट्ट. बांगड्या रुतल्या. बघतो तर मथुराबाई.

"ठेवा तो खाली, बुवा."

"अहो, कोरडं पडलंय —"

"ठेवा म्हणते न्हवं!"

ठेवला. मग तिथेच, पायरीवर बसून, त्यांनी मला हे सगळं सांगितलं. तो एक कंद कसा वाचला तेही सांगितलं. सुरीने कुजकं सगळं कापत कापत करंगळीएवढं पांढरं, घट्ट उरलं. तो तुकडा दोन दिवस उन्हात वाळवला, कापल्या जागी राख लावली, पावसाळाभर पत्र्याखाली ठेवला. आणि यंदा — एक कळी आहे. खरी. या वेळी खरी. चार-पाच दिवसांत उघडेल.

मी म्हटलं, "मथुराबाई, आज मी हे कीर्तनात सांगतो. असं सांगतो की मांडवात एक डोळा कोरडा राहणार नाही."

त्या उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "हात जोडते, ते करू नका. रडवू नका त्यास्नी. रडली की येत्यात वो ती! तांब्या घिऊन येत्यात. मागल्या साली तुम्ही त्यास्नी मऊ केलं म्हणून माझी झाडं मेली. आमची नावं सांगायची तर सांगा, काय झालं ते सांगा, पण कीव येऊ दिऊ नका. रागवा. रागावल्यावर माणूस लांब ऱ्हातं. मला पाच दिस लांब पायजेत."

म्हणून रागावलो. राग आला होताच, तो वेगळा. पण तिथे, त्या तिसऱ्या रांगेत, पदराने डोळे पुसणाऱ्या ताई — हो, तुम्हीच — पुसू नका! थांबवा ते! उद्या सकाळी तुम्ही त्यांच्या दारात वाटीभर शिरा घेऊन उभ्या राहाल, आणि परवा गजाबांचा हात धरून त्यांना झाडापाशी न्याल, आणि तेरवा कळी उघडत नाही म्हणून बोटाने उघडून द्याल! मला माहीत आहे. मी तुमच्यातलाच आहे.

॥

मी इथे काय करायला सांगणार, याची वाट बघताय. पिशव्या आवरायला घेतल्यात. शेवटी एक चांगलं वाक्य मिळेल, ते घरी न्यायचं. नाही देणार. मागच्या वाक्याचं काय झालं, बघितलंत.

तुम्ही प्रत्येक जण कुठे कुठे ओतता ते तुम्हाला ठाऊक आहे. सुनेच्या संसारात ओतता. आजाऱ्याच्या खाटेशी बसून ओतता. शेजारच्या विधवेच्या दारात, न बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यावर, मेलेल्याच्या घरी पहिल्याच दिवशी! आणि ते कुजलं की म्हणता, आम्ही काय कमी केलं? कमीच करायला हवं होतं! तोंड उघडून एवढं म्हणायला काय झालं होतं — "काकू, तुमच्या झाडाला काय लागतं?" उत्तर आलं असतं. "ऊन." झालं! ऊन तर तुमच्या हातातही नाही. पुण्य मिळवायला जागाच नाही!

आता काम. अभिषेकाचे तांबे ज्यांनी आणलेत, ते इथे ठेवा. माझ्यासमोर. सगळे. कळशीसुद्धा. हां, पितळेची फुलपात्रीही. उद्धवराव, तुमच्या पिशवीत काय आहे? ठेवा इथे. पाच दिवसांनी पंचांकडून घेऊन जा.

आरती नेहमीसारखी होईल. पण तीर्थ आज इथेच पिऊन टाकायचं, ओंजळीत घेऊन बाहेर जायचं नाही.

आणि ऐका. गजाबा आत आलेले नाहीत. दुपारपासून बाहेर बसलेत, त्या तुकड्याशेजारी, खाली, मातीला गुडघा लावून. बोट पुढे करून नाही, हात मागे घेऊन बसलेत. मी मघाशी विचारलं, "हात लावून बघता का कळीला?" — विचारलं, मंडळी! — तर म्हणाले, "आत्ता न्हाय. उघडली म्हंजी दाढीला हात लावीन एकदा. तवर न्हाय."

ज्याला दिसत नाही तो थांबलाय. तुम्हाला तर दिसतंय.

चला, उठा. शेवटचं ध्रुपद राहू द्या, आता ते मोठ्याने म्हणायचं नाही.

आणि दक्षिणेच्या दाराने जाऊ नका. साडेचार झालेत, ऊन आता तिकडून तिरपं येतंय. एवढे सगळे त्या दारात उभे राहिलात तर त्या कंदाच्या पाठीवर तुमची सावली पडेल.

मागच्या दाराने जा.